माणसांचा रकाना

पोहण्याच्या तलावाला वास येतो तो क्लोरीनचा नसतो. हे मी लोकांना एकतीस वर्षं सांगत आलो आणि आजवर एकालाही पटलेलं नाही. येतात, नाक मुरडतात आणि मलाच ऐकवतात, "काय हो, औषध जास्त झालंय वाटतं!" अहो, नुसत्या औषधाला एवढा वास नसतो. औषधाची माणसांशी गाठ पडली की वास सुटतो. घाम, अंगाचं तेल, लहान पोरांची ती करामत, या सगळ्याला क्लोरीन जाऊन चिकटतं आणि मग नाकात जातं. आमच्या धंद्यात त्याला बांधलेलं क्लोरीन म्हणतात. म्हणजे वास मारणारा तलाव हा माणसं येऊन गेलेला तलाव. ज्याला अजिबात वास नाही, तिथे एक तर कारागीर फार चांगला असतो, नाहीतर पाण्यात कुणी उतरतच नसतं.

बाईंच्या तलावाला अजिबात वास नव्हता. मी कारागीर चांगला आहे, पण इतकाही नाही.

आधी माझं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सार्वजनिक तलावाच्या फिल्टरच्या खोलीत माझी सगळी नोकरी झाली. खोली जमिनीखाली. वर पोरांचा धुडगूस, खाली मी आणि तीन पंप. निवृत्त झाल्यावर घरी बसून करायचं काय, म्हणून सात घरांचे तलाव धरले. त्यातल्या सहा घरांत मी जातो तेव्हा चिटपाखरूही नसतं. फाटकाच्या कुलपाचा आकडा मला पाठ आहे, पंपाच्या खोलीची किल्ली कुंडीखाली असते. जाळीने पानं काढायची, टोपली साफ करायची, पाणी तपासायचं, हवं ते औषध घालायचं आणि फाटक ओढून घ्यायचं. माझ्या घरीही वेगळं काही नाही. बायको लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती तिकडेच रमली. नातू आता शाळेत जातो. भांडण नाही, तंटा नाही. रविवारी तिचा फोन येतो, जेवलात का विचारते, मी जेवलो म्हणतो, मग ती नातवाच्या हातात फोन देते आणि तो पळून जातो. कधी कधी दुकानात काही मागायला तोंड उघडतो तेव्हा कळतं की सकाळपासून हा पहिलाच शब्द. घसा खाकरावा लागतो.

गुरुवारचं मात्र तसं नव्हतं. गुरुवारी दहा वाजता बाईंकडे जायचं असायचं.

बाई शाळेत गणित शिकवायच्या, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. तलाव त्यांच्या यजमानांनी स्वतःच्या पाठीसाठी बांधून घेतला होता. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, आणि कुठेही चार फुटांपेक्षा खोल नाही. पाण्यात चालायला सांगितलं होतं त्यांना. ते जाऊन सहा वर्षं झाली. मी गेलो की बाई कडेला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायच्या आणि पहिला प्रश्न ठरलेला, "काय पाणीवाले, काय म्हणतंय पाणी?"

मला खरं तर कामात कुणी मध्ये बोललेलं खपत नाही. पण बाईंचं बोलणं मी आठवडाभर मनात घोळवत असे. पीएच वर गेला की त्या विचारायच्या, ॲसिड किती घालणार? मी अंदाजाने सांगायचो, त्या तोंडी हिशेब करून म्हणायच्या, पन्नास मिली जास्त होतंय. बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असायचं. मग माझी चिडचिड व्हायची आणि त्या मिटल्या तोंडाने हसायच्या.

पंपाच्या खोलीत खिळ्याला एक वही टांगलेली असे. यजमानांनी दुकानातून आणलेली, सार्वजनिक तलावासाठी छापलेली वही. तारीख, पीएच, क्लोरीन, मग एक रकाना 'माणसं', आणि शेवटी सही. दिवसभरात किती जण पाण्यात उतरले ते या माणसांच्या रकान्यात लिहायचं. गुरुवारची ओळ माझी. बाकीच्या दिवशी बाई फक्त माणसांचा आकडा लिहायच्या. सोमवारी तीन. मंगळवारी चार. रविवारी सहा. अक्षर फळ्यावरच्यासारखं वळणदार.

आता दुसऱ्या गोळीचं सांगतो, कारण सगळं रामायण तिच्यामुळेच झालं. काचेच्या नळीत पाणी घेऊन पहिली गोळी टाकली की पाणी गुलाबी होतं. किती औषध शिल्लक आहे ते त्या रंगावरून कळतं. मग त्याच नळीत दुसरी गोळी टाकायची. रंग तेवढाच राहिला तर ठीक. आणखी गडद झाला, तर जेवढा वाढला तेवढं क्लोरीन माणसांना बांधलं गेलं. बाईंच्या पाण्यात दुसऱ्या गोळीने रंग कधी केसभरही हलला नाही. आदल्या आठवड्यात वहीप्रमाणे सव्वीस माणसं उतरून गेलेली आणि पाणी अगदी कोरं. मध्ये एक आठवडा असा गारठा पडला की मी दोन स्वेटर घालून काम केलं. त्या आठवड्यात बुधवारी पाच माणसं!

बाई हे आकडे लिहायला लागल्यापासून आठ महिने मी गप्प बसलो. पण आतून खदखदत होतो. माझ्या सहीच्या वहीत खोटा आकडा म्हणजे काय? नोकरीत असताना एका साहेबाने तपासणीच्या दिवशी जरा बरा आकडा लिहायला सांगितला होता. मी पेन त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, तुम्ही लिहा, सहीही तुम्हीच करा. असा मी. बाई खोटं का लिहितात, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

मग एके दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. तो दूरच्या शहरात असतो. बाई दर महिन्याला वहीच्या पानाचा फोटो त्याला पाठवायच्या, हे मला तेव्हा कळलं.

"काका, तलावाला एक कठडा बसवायचा विचार आहे," तो म्हणाला. "आईच्या मैत्रिणी रोज येतात पोहायला. सगळ्या वयस्कर. पायऱ्यांवरून कुणी घसरलं तर नसती आफत. तुम्ही माप घेऊन पाठवाल का?"

बिचारा चांगल्या मनाने विचारत होता. हो म्हणून माप पाठवलं असतं तर संपलं असतं. पण मी म्हणालो, "कुणासाठी कठडा? त्या पाण्यात कुणी उतरत नाही."

"असं कसं? वहीत तर..."

"वही राहू द्या. पाणी काय सांगतं ते मी सांगतो." आणि मग मी त्याला पहिली गोळी, दुसरी गोळी, बांधलेलं क्लोरीन, सगळं दहा मिनिटं ऐकवलं. कुणी इतकं शांतपणे ऐकून घेतलं नव्हतं मला. मी अगदी रंगात आलो होतो. गारठ्यातली पाच माणसंही सांगितली.

मग तो म्हणाला, "म्हणजे आईकडे कुणीच येत नाही?"

"ते मला काय ठाऊक. पाण्यात कुणी येत नाही एवढं नक्की."

फोन ठेवला तेव्हा मला बरं वाटत होतं, हे कबूल करतो. पाणी बरोबर जोखलं याचं समाधान. त्या दिवशी दोन वेळचं एकदाच जेवलो आणि छान झोप लागली.

पुढच्या गुरुवारी खुर्ची नव्हती. मी पानं काढली, टोपली साफ केली, मुद्दाम बादली आपटली. बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या. हातात वही होती.

"पाणीवाले, मुलाचा फोन आला होता. तलाव बुजवायचं ठरलंय. येत्या नाही, त्यापुढच्या सोमवारी माती येईल."

मी जाळी खाली ठेवली.

"त्याचंही बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मला मधूनमधून चक्कर येते. घरात एकटी बाई आणि अंगणात उघडं पाणी. त्याला तिकडे झोप लागत नाही म्हणतो."

"बाई, मी फक्त पाण्याचं सांगितलं हो."

"खरं तेच सांगितलंत. वर्गात खरं बोलणाऱ्या मुलांचं मी कौतुक करायचे. त्यामुळे आता रागावताही येत नाही, ही पंचाईत."

याहून त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मला राहवलं नाही. "पण खोटं लिहायचंच कशाला? तेही गणिताच्या बाईंनी!"

त्या पायरीवर बसल्या. खुर्ची आणायलाही गेल्या नाहीत. "तो दर रविवारी विचारायचा, आई, या आठवड्यात कोण आलं होतं? काय सांगणार? एकदा बोलून गेले, मैत्रिणी आल्या होत्या पोहायला. त्याचा आवाज असा मोकळा झाला म्हणून सांगू! लहानपणी परीक्षा संपल्यावर व्हायचा तसा. मग पुढच्या रविवारी मैत्रिणींना परत आणावं लागलं. आणि एकदा आणल्यावर वहीतही लिहावं लागलं, नाहीतर ताळा जुळला नसता." त्यांनी हातातली वही मांडीवर ठेवली. "आता तो दिवसातून दोनदा फोन करतो. आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलतो. तलाव गेला तर जाऊ दे. पण माझ्याकडे कुणी येत नाही, हे त्याला कळायला नको होतं."

मला लाज वाटली. अशी की कान तापले. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "कुणी येत नाही कसं? मी येतो की दर गुरुवारी."

"तुम्ही पाण्याकडे येता," बाई म्हणाल्या. चिडून नाही, उत्तर तपासून बरोबरची खूण करावी तशा म्हणाल्या.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. एका घरी फिल्टर धुण्याचा, बॅकवॉशचा नळ उघडा विसरलो आणि अर्धी बाग भिजवली. दुसरीकडे सोडा दोनदा घातला. पानं काढताना मनात बाईंशी बोलत होतो आणि प्रत्येक वेळी हरत होतो. माझा गुरुवार मीच घालवला होता. बाईंचा तर घालवलाच, पण माझाही. हे दुसरं माझ्या लक्षात यायला सोमवार उजाडला, आणि लक्षात आल्यावर जिथे कामाला गेलो होतो त्या परक्या अंगणात मी मटकन बसलो. साठी उलटलेला माणूस, मांडीवर औषधांची पेटी घेऊन, डोळे पुसत बसलेला. बरं झालं कुणी घरी नव्हतं.

शेवटच्या गुरुवारी मी पाणी तपासलंच नाही. सरळ दारावर थाप मारली.

"बाई, पाण्यात उतरायचं?"

"डॉक्टरांनी एकटीने उतरायचं नाही म्हणून बजावलंय. सहा वर्षं तेवढ्याचसाठी अडलंय."

"एकटीने कशाला? मी आहे ना."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्हाला पोहता येतं?"

"नाही."

"एकतीस वर्षं तलावावर काढली आणि पोहता येत नाही?"

"मी खाली असायचो. पोहणारे वर असायचे. माझा आणि पाण्याचा संबंध नळीपुरता."

"मग मला चक्कर आली तर काय कराल?"

"धरेन. चार फूट तर पाणी. आणि अगदीच नाही जमलं तर ओरडेन. फिल्टरच्या खोलीत ओरडून ओरडून आवाज चांगला तयार झालाय."

बाई हसल्या. तोंड मिटून नाही, मोकळ्या हसल्या. आत गेल्या आणि पोहण्याचा जुना पोशाख घालून, वर टॉवेल गुंडाळून आल्या. मी अर्धी चड्डी नेली होती, शर्ट तसाच ठेवला. कठड्याविना असलेल्या त्या पायऱ्या आम्ही एकमेकांचा हात धरून उतरलो. कोण कुणाला सांभाळत होतं ते सांगता येणार नाही.

त्या पाण्यातली प्रत्येक गोष्ट मला आकड्यात माहीत होती. गेल्या गुरुवारचा पीएच सात पूर्णांक चार. पण वरचं पाणी कोमट असतं आणि पायाशी गार, हे ठाऊक नव्हतं. छातीला पाणी लागल्यावर श्वास थोडा जड होतो, हेही नाही. मी एका हाताने कड धरून छातीभर पाण्यात उभा राहिलो. शर्ट फुगून वर येत होता आणि मी तो सारखा खाली दाबत होतो. बाईंनी पाण्यात तोंड बुडवलं आणि त्या सरळ पलीकडे पोहत गेल्या. मग परत आल्या. मग पुन्हा. त्यांचे हात पाण्यात अगदी अलगद जात होते. प्रत्येक फेरीला माझ्याजवळ आल्या की त्या मोठ्याने आकडा म्हणायच्या. बारा झाल्यावर थांबल्या, कडेला डोकं टेकलं आणि म्हणाल्या, "यजमान गेल्यावर पहिल्यांदाच."

चक्कर आली नाही. मला ओरडावं लागलं नाही.

बाहेर आल्यावर ओल्या हाताने बाईंनी वही घेतली आणि माणसांच्या रकान्यात लिहिलं, दोन. मी पुढच्या रकान्यात सही केली. पान थोडं भिजलं.

शुक्रवारी पुन्हा गेलो. निमित्त होतं. तलाव उपसण्याआधी क्लोरीन उतरू द्यावं लागतं, नाहीतर ज्या मातीत पाणी सोडाल तिथलं हिरवं सगळं जळतं. ते किती उतरलं ते बघायचं होतं. पण खरं सांगायचं तर मला दुसरी गोळी टाकायची होती. बाई शेजारी उभ्या राहिल्या. पहिल्या गोळीने पाणी फिकट गुलाबी झालं. दुसरी टाकली, नळी हलवली आणि उजेडात धरली. रंग हलला होता. अगदी किंचित. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. पण हाच रंग जागेवर बसलेला मी वर्षानुवर्षं पाहिला होता, मला दिसला. बाईंनी नळी हातात घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही.

त्यांनी पानाचा फोटो मुलाला पाठवला. दुपारी त्याचा मला फोन आला.

"काका, तुम्हीसुद्धा?" तो म्हणाला.

"मीसुद्धा काय?"

"आईचं मी समजू शकतो. पण तुमची सही आहे त्या दोनच्या पुढे."

"अहो, खरे दोन आहेत! एक तुमची आई आणि एक मी. बांधलेलं क्लोरीन बघा, लिहिलंय मी. या आणि स्वतः गोळी टाकून बघा."

"राहू द्या काका," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "तुमचा हेतू कळतो मला. थँक यू."

उभ्या आयुष्यात मी खोटा आकडा लिहिला नाही, आणि सगळ्यात खऱ्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मी फोनवर तापलो, आवाज चढवला, पण त्याने केव्हाच ठेवला होता. खरं म्हणजे त्याने विश्वास ठेवला असता तरी माती आलीच असती. ज्याला पोहता येत नाही असा एक म्हातारा आठवड्यातून एकदा येतो, एवढ्यावर कुणाला झोप लागणार? मला मुलगा असता तर त्यानेही हेच केलं असतं.

रविवारी मी पाणी उपसलं. पूर्ण दिवस लागला. सोमवारी मातीच्या गाड्या आल्या, तेव्हा मी दुसऱ्या घरी होतो. गेलो नाही बघायला.

गुरुवारी सकाळी मी पेटी उचलली, स्कूटरला लावली आणि निघालो. बाईंच्या फाटकाशी पोचून आकडा दाबला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की इथे आता काम नाही. परत फिरणार होतो. पण फाटक उघडलं होतं, आणि आत बाई नेहमीच्या जागी बसल्या होत्या. पुढे वीस फूट लांब, दहा फूट रुंद ओली माती. शेजारी दुसरी खुर्ची होती.

"पेटी कशाला आणलीत?" त्यांनी विचारलं.

"सवय," मी म्हणालो. "आणि ही दुसरी खुर्ची?"

"सवय नव्हती, म्हणून आठवणीने काढून ठेवली. बसा. इतक्या वर्षांत एकदाही बसला नाहीत."

मी बसलो. पेटी पायाशी ठेवली. चहा झाला. काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. माती किती खचेल, त्यावर काय लावावं, माझ्या नातवाला पाढे येतात का, असलंच सगळं. मध्ये त्यांना मुलाचा फोन आला आणि त्या म्हणाल्या, "नंतर कर रे, कुणीतरी आलंय." तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. त्यावर बाई म्हणाल्या, "नको ठेवूस विश्वास," आणि फोन ठेवला.

अकरा वाजता मी उठलो. बाईंनी मांडीवरची वही उघडली. तारीख लिहिली. पीएचच्या रकान्यात आडवी रेघ मारली, क्लोरीनच्या रकान्यात आडवी रेघ मारली. माणसांच्या रकान्यात लिहिलं, दोन. आणि वही माझ्यापुढे केली.

मी खुर्च्यांकडे बघून आकडा तपासला आणि सही केली.